खंडेनवमीला मांडलेलं पिस्तूल

पिस्तूल निळं होतं. प्लॅस्टिकच्या बादलीचा असतो तसला डोळ्यांत खुपणारा निळा. तळहातात मावेल एवढं लहान. स्प्रिंग ओढून घोडा दाबला की मोत्याएवढा पिवळा छर्रा चार हातांवर जाऊन पडायचा. डॉक्टरकाकांनी ते सँडविचच्या पिशवीतून काढलं आणि आमच्या टेबलावर ठेवलं.

"मिस्टर, याचं काही होतंय का बघा," म्हणाले. "गेल्या वर्षी हिरवं होतं. नाटकातल्या बाईंनी पर्समधून काढलं आणि मागच्या तीन रांगा हसल्या. खून झाला तरी हसतच होत्या."

मिस्टर म्हणजे मी. बायको लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स, म्हणून इथल्या मराठी मंडळात ती सिस्टर आणि मी सिस्टरांचे मिस्टर. पाच वर्षांत माझं नाव कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही त्याचं बरंच वाटायचं. नाव विचारलं की पुढचा प्रश्न येतो, तुम्ही काय करता, आणि त्याच्या पुढचा, शिक्षण काय. मी आठवीतून शाळा सोडली. कोल्हापुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली गाड्यांच्या टाक्या रंगवायला शिकलो, बायकोला मिरजेहून थेट इकडे नोकरी लागली तेव्हा तिच्या व्हिसावर अवलंबून असलेला नवरा म्हणून आलो. कागदावर तसंच लिहिलेलं होतं, अवलंबून. इथे गाड्यांच्या बॉडी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये काम मिळालं. बंपर घासायचे, काचांना कागद चिकटवायचे. स्प्रेगन मात्र हातात देत नव्हते, कारण माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. त्याबद्दल तक्रार नाही. काम दिलं हेच खूप होतं.

काका निवृत्त डॉक्टर. तीस-पस्तीस वर्षं इथे काढलेली. दर दिवाळीला मंडळाचं नाटक तेच बसवायचे. आम्ही राहत होतो ते घरही त्यांचंच होतं. आम्ही आलो तेव्हा इथली ओळख, जुन्या घरमालकाचं पत्र, असलं काहीच आमच्याकडे नव्हतं आणि एकही एजंट घर दाखवायला तयार नव्हता. काकांनी चावी हातात ठेवली. म्हणाले, आपली माणसं आहात. ते वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल, सांगता येणार नाही.

त्या दिवसांत ड्रॉवरमध्ये एक फॉर्म होता. कायमचं राहण्याच्या परवानगीचा, आमच्या दोघांचा मिळून. पाच वर्षं पुरी व्हायला सहा आठवडे राहिले होते. तो शिक्का बसला की बायकोला दुसऱ्या हॉस्पिटलात जाता येणार होतं. तिच्या वॉर्डातली वरची बाई तिला पिळून काढत होती आणि व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला असल्याने ही तोंड उघडू शकत नव्हती. ती कॅलेंडरवर खुणा करायची नाही, पण रोज सकाळी बूट घालताना म्हणायची, "अजून चव्वेचाळीस." दुसऱ्या दिवशी, "त्रेचाळीस."

पिस्तूल बघून तिने एकच विचारलं, हे निळंच का करतात? मी म्हणालो, पोरांचं खेळणं आहे. ती म्हणाली, "कुणाला तरी विचारा की, रंगवलं तर चालतं का." मी म्हणालो, काकांनी दिलंय म्हणजे चालत असणार.

काम मी तळघरात केलं. आधी साबणाने धुतलं, कारण हाताचं तेल राहिलं की रंग धरत नाही. मग पाण्याचा पॉलिशपेपर, आधी जरा खरखरीत, मग बारीक. प्लॅस्टिकच्या साच्याची जोडरेघ असते ना, खेळण्याला मधोमध, ती घालवायला तीन संध्याकाळी गेल्या. ती रेघ दिसली की कितीही रंग लावा, खेळणं ते खेळणंच. मग अस्तर, मग मंद काळा, तोही एकदम नाही, धुक्यासारखा, थरावर थर. रंग वाळल्यावर पेन्सिलचं शिसं किसून त्याची पूड अंगठ्याने चोळली. मिस्त्री म्हणायचे, ब्रश रंग लावतो, अंगठा जीव लावतो. काळ्याला हळूहळू लोखंडाची झाक आली. कडांवर, जिथे खिशात ठेवून-काढून झिजेल तिथे, किंचित चांदी. मूठ अक्रोडाच्या लाकडासारखी केली, एका केसाच्या ब्रशने त्यात रेषा काढल्या. मुठीत मासेमारीच्या गळाला लावतात ते शिसं भरलं, म्हणजे बाईंचा हात ते उचलताना जरासा खाली जाईल. हलकं पिस्तूल लोकांना डोळे मिटूनही कळतं.

पंधरा दिवस गेले त्यात. गॅरेजमध्ये दिवसभर बंपर घासून आलो तरी जिना उतरताना पाय हलके व्हायचे. पाच वर्षांत या देशात माझ्या हातून एकही वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार झाली नव्हती. ही पहिली.

खंडेनवमी आली ती आठवड्याच्या मधल्या वारी. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ. आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेलं असतं, त्याला एक दिवस विसावा. मिस्त्रींनी एकदा मला पूजेनंतर पाना उचलला म्हणून कानाखाली दिली होती. तेवढी एकच. इथेही मी पाचही वर्षं पाट मांडत आलो होतो.

आमचं घर लीड्सच्या जुन्या, पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या ओळीतलं. मागे दार नाही, खिडकी नाही, मागच्या भिंतीला दुसऱ्याचं घर. खाली एकच खोली आणि तिला एकच खिडकी, रस्त्यावरची, पूर्वेची. पाट तिथेच मांडावा लागायचा. समोर एक म्हातारी बाई एकटी राहायची. कुठला कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे आम्हाला तिनेच शिकवलेलं. तिच्या कुंड्यांमध्ये बुटका झेंडू असायचा. सकाळी मी रस्ता ओलांडून दोन फुलं मागितली तर तिने ओंजळभर कापून दिली. देवाला का, म्हणाली. मी माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझ्या हत्यारांना. तिला गंमत वाटली.

पाटावर घासायचा ठोकळा, पाने, माझे ब्रश, कोल्हापुराहून आणलेली मिस्त्रींची जुनी स्प्रेगन, आणि मधोमध पिस्तूल. शस्त्रपूजा आहे, शस्त्र नको का, असं मनात म्हणालो आणि स्वतःशीच हसलोही. सगळ्यांना बोटाने ओलं कुंकू लावलं. पिस्तुलाला जरा जास्तच लागलं, नळीवरून खाली ओघळलं. पुसलं नाही. पूजेचं पुसत नाहीत.

बायको ड्युटीला निघता निघता दारात थांबली. "पडदा तरी ओढा," म्हणाली. मी म्हणालो, उन्हाचा कवडसा पडलाय, राहू दे. ती म्हणाली, मग ते मधलं तरी उचलून ठेवा. मी म्हणालो, आता उचलता येत नाही, उद्या उचलीन.

माझी शिफ्ट दुपारची. बाराच्या सुमाराला मी वरणभात घेऊन बसलो होतो. समोरची बाई आणखी फुलं घेऊन आली असणार, कारण नंतर ती फुलं आमच्या पायरीवर पडलेली सापडली. दार वाजवायच्या आधी तिची नजर खिडकीतून आत गेली. तिला काय दिसलं ते मला आता तिच्या डोळ्यांनी दिसतं. काळं पिस्तूल, त्यावर लाल ओघळ, आणि पलीकडे पाठमोरा बसून जेवणारा माणूस. तिने जे केलं ते कोणीही केलं असतं.

पाऊण तास झाला असेल. रस्ता एकदम गप्प झाला. मग भोंग्यावरून आवाज आला, आमच्या घराचा नंबर घेऊन. आधी वाटलं, कुठे आग लागली. खिडकीतून बघितलं तर गाडीच्या बॉनेटमागून दोघंजण माझ्याकडे नळ्या रोखून बसले होते. त्या नळ्या खऱ्या होत्या हे मला लगेच कळलं. त्यांच्यावर जोडरेघ नव्हती.

हात वर, सावकाश बाहेर या, मागे वळा, गुडघ्यावर बसा. प्रत्येक शब्द मला समजला, कधी नव्हे इतका. फक्त हात वर केले तेव्हा लक्षात आलं की माझी बोटं धुऊनही कुंकवाने लाल आहेत, आणि समोरच्याचा आवाज बदलला. ओल्या रस्त्यावर मोज्यांत गुडघे टेकले. मागून हात बांधले. रस्त्याच्या टोकाला पोलिसांनी पट्टी लावलेली, तिच्यापलीकडे शेजारी, आणि त्यांच्यात समोरची बाई, घरातल्या सपातांवर, कुणाचा तरी कोट अंगावर घेतलेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आता पोलीस स्टेशनचं सांगतो. मी मार खाण्याच्या तयारीने गेलो होतो. मिस्त्रींना एकदा चोरीची स्कूटर रंगवली म्हणून नेलं होतं. तीन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांना पाय जमिनीला लावता येत नव्हते. इथे मला ब्लँकेट दिलं. चहा दिला, साखर किती विचारून दिला. एका पोराएवढ्या पोलिसाने बोटांचे ठसे घेताना "सॉरी, जरा गार आहे" म्हटलं. त्या चहाने मी आतून विरघळलो. मार पडला असता तर मी सावध राहिलो असतो, असं नंतर कितीदा वाटलं.

सरकारने दिलेला वकील तरुण होता, आणि चांगला होता. दुभाषी बाई फोनवर होत्या, दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून, स्वच्छ पुणेरी मराठी. त्यांच्या तोंडून वकिलाने मला सगळं समजावून सांगितलं. आदल्या वर्षीच कायदा आला होता. खोटी पिस्तुलं भडक रंगाचीच विकायची, म्हणजे पोलिसांना फसगत होऊ नये, आणि तसल्याला कोणी खऱ्याचं रूप दिलं तर ते रूप देणं हाच गुन्हा. मग वकील थोडा पुढे झुकला. या कायद्याला मोजक्या सवलती आहेत, त्यांत एक नाटकाची. हे नाटकासाठी केलं असेल तर कोणी सांगितलं, कधी सांगितलं, ते आत्ता सांगा. ते लोक त्या माणसाला फोन करतील, आणि बहुतेक तिथेच मिटेल.

मला काका दिसले. त्यांच्या दारात पोलिसांची गाडी. त्यांची पट्टी, त्यांचे शेजारी. ज्या माणसाने आपल्याला छप्पर दिलं त्याचं नाव आपण पोलीस स्टेशनात घ्यायचं? आमच्याकडे एवढं एकच शिकवलेलं असतं, की ज्याचं खाल्लं त्याचं नाव चौकीत काढायचं नाही.

मी म्हणालो, कोणी सांगितलं नाही. माझी हौस. बसल्या बसल्या केलं.

वकिलाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. मग फोनमधून त्या बाई, इंग्रजीत काही न सांगता, मराठीत हळूच म्हणाल्या, "दादा, नीट आठवून बघा." आणि लगेच इंग्रजीत माफी मागितली, की हे माझं काम नव्हतं. पाच वर्षांत मला इथे पहिल्यांदाच कोणी दादा म्हटलं होतं. तरी मी म्हणालो, आठवायचं काही नाही.

मग कोर्टात न जाता मिटवायचा रस्ता त्यांनी पुढे ठेवला. गुन्हा कबूल करायचा, सही करायची, घरी जायचं. हे नोंदीत राहील, वकिलाने दोनदा सांगितलं. परवानगीच्या फॉर्मवर ते लिहावं लागेल, हेही सांगितलं. मी सही केली. आणि खरं सांगतो, मी त्यांचे आभार मानले. त्या चहा देणाऱ्याचेही.

घरी आलो तर दार अर्धं उघडं. ड्रॉवर उपसलेले, पाट उलटा, कुंकू गालिच्यावर पडून त्यावर बुटांचे ठसे. बायको ड्युटीच्या कपड्यांतच गुडघ्यावर बसून ते घासत होती. कुंकू घासून जात नाही, पसरतं. मी सगळं सांगितलं. नाटकाची सवलतही सांगितली. तिचा हात थांबला.

"मग का नाही सांगितलंत?"

"त्यांनी आपल्याला घर दिलं होतं."

"घर भाड्याने दिलं होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना ती काही म्हणाली नाही. मी मनात मोजलं.

त्या रविवारी ती मला न सांगता काकांकडे गेली. एवढंच मागायला, की पिस्तूल मंडळाने नाटकासाठी दिलं होतं असं दोन ओळींत लिहून द्या, आमचा वकील ते पोलिसांना आणि फॉर्मसोबत पाठवेल. परत आली तेव्हा तिने कोटसुद्धा काढला नाही, उभ्या उभ्याच सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, काकूंनी पोहे दिले, आणि मग काका म्हणाले, "अगं, तो स्वतःच म्हणाला ना, हौस म्हणून केलं. आता मी वेगळं लिहिलं तर पोलिसांशी खोटं बोलल्याचा डाग त्याच्यावरच बसेल. मला त्याचीच काळजी आहे."

मी काकांचीच बाजू घेऊन म्हणालो, त्यांचंही बरोबर आहे. तिने माझ्याकडे बघितलं. मार खाल्लेल्या माणसाकडे नर्स बघते तसं, कुठे कुठे लागलंय ते.

नाटक झालं. पिस्तूल काढून टाकलं होतं, शेवटी खून दुधात विष घालून झाला. आम्ही गेलो नाही.

फॉर्म गेला. वकिलाच्या सांगण्यावरून त्यासोबत एक ओळखीचं पत्र लागत होतं, आम्हाला पाच वर्षं ओळखणाऱ्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं. असा माणूस आम्हाला एकच माहीत होता. ते पत्र मात्र काकांनी लगेच दिलं, जाड कागदावर, शाईच्या पेनने. मी शांत, कष्टाळू आणि प्रामाणिक आहे असं त्यात होतं. पिस्तुलाबद्दल काही नव्हतं.

वकिलाने माझ्या केसची कागदपत्रंही पाठवली. त्यांत पिस्तूल तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा अर्ध्या पानाचा अहवाल होता. बायकोने मला तो वाचून दाखवला. वस्तू हाताच्या अंतरावरूनही खऱ्यापासून वेगळी ओळखता येत नाही, काम कुशल हाताचं आहे. मी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. माझ्या हाताबद्दल कोणी कागदावर लिहून दिलेलं तेवढंच. पिस्तूल त्यांनी मोडीत काढलं असणार. तशी परवानगी देणाऱ्या कागदावरही मी सही करून आलो होतो.

उन्हाळ्यात दोन पासपोर्ट एकाच पाकिटातून आले. बायकोच्या पासपोर्टवर कायमचा शिक्का. माझ्या पासपोर्टवर दोन वर्षांचा, आणि सोबत पत्र, की मुदत संपल्यावर पुन्हा अर्ज करावा आणि तेव्हा सर्व बाबींचा विचार होईल. तिने दोन्ही टेबलावर उघडून शेजारी शेजारी ठेवले. तिला आता कुठेही नोकरी धरता येणार होती. त्या वॉर्डातून सुटायचं म्हणून तिने पाच वर्षं दिवस मोजले होते. पण तिने ती नोकरी सोडली नाही. माझा पुढचा अर्ज तिच्या पगाराच्या कागदांवर उभा राहणार होता, आणि वकील म्हणाला होता, मधे काही बदल दिसू नये. सकाळी ती बूट घालायची. मोजायला आता दोन वर्षं होती, एवढ्या लांबचं कोणी तोंडाने मोजत नाही.

समोरच्या बाईने एकदा रस्त्यात गाठलं. "मला रक्त वाटलं, लव," म्हणाली, इथल्या म्हाताऱ्या बायका कुणालाही प्रेमाने लव म्हणतात तसं. मी म्हणालो, बरोबर केलंत. मला अजूनही तसंच वाटतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी काकांचा फोन आला. राजदरबाराचा प्रवेश होता, चार खांब हवे होते, संगमरवरी. थर्माकोल त्यांनी आणून ठेवला होता. बायको भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. मी काय म्हणतो ते ऐकत उभी राहिली. दोन वर्षांनी पुन्हा पत्र लागणार होतं, आणि जाड कागदावर शाईच्या पेनने लिहून देणारा माणूस अजूनही एकच होता.

मी म्हणालो, येतो काका.

दोन शनिवार हॉलमध्ये बसून चारही खांब रंगवले. संगमरवराच्या शिरा कशा काढायच्या मला ठाऊक आहे, पिसाने काढतात, हात न थांबवता. मी ब्रशने काढल्या. कडा घासल्या नाहीत, जोड बुजवले नाहीत. तिसऱ्या रांगेतून कोणालाही कळावं की हे थर्माकोल आहे, इतपतच रंगवले.

काका दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. "मिस्टर, या वेळी हात नीट लागलेला दिसत नाही," म्हणाले.

"हो काका," मी म्हणालो, आणि ब्रश धुवायला घेतले.